बल्ब बदलण्याआधी मीटर लावा

2023 सालच्या ऑगस्ट महिन्यातील एका रात्रीची ही हकीकत आहे. आमच्या सासूबाईंना दम लागला म्हणून चिपळूणच्या डॉक्टरांनी त्यांना कराडला हलवण्यास सांगितले. मेव्हण्याची जीप दारातच उभी होती. आम्ही सुट्टी काढून तिकडे गेलो होतो, तेव्हा सोबत निघालो. पोफळी मागे टाकून गाडी कुंभार्ली घाट चढू लागली आणि तिसऱ्या-चौथ्या वळणावर दोन्ही हेडलाइट एकदम गेले. वर पाऊस, समोर धुके, एका अंगाला दरी. इंजिन मात्र बिनधास्त चालू. जुन्या डिझेल गाडीचे हे असेच असते. एकदा सुरू झाली की तिला चालत राहायला वीज लागत नाही, बंद करायलासुद्धा हँडल ओढावे लागते. त्यामुळे दिव्यांची वायरिंग आतून जळत असली तरी गाडी चालवणाऱ्याला इंजिनाच्या आवाजात काही फरक कळत नाही.

मेव्हण्याने अंदाजाने गाडी डोंगराच्या कडेला लावली. पाचेक मिनिटांनी त्याने बटण पुन्हा दाबले, तर दिवे लागले! दोन वळणे गेलो, पुन्हा अंधार. मागच्या बाकावर सासूबाई धापा टाकत होत्या आणि आमच्या सौ. त्यांची पाठ चोळत होत्या. शेवटी एक मालट्रक आला. त्याच्या मागच्या तांबड्या दिव्यांवर नजर ठेवून आम्ही हेळवाकपर्यंत आलो. सासूबाई दवाखान्यात वेळेवर पोहोचल्या, आठ दिवसांनी घरी परतल्या, आता ठीक आहेत. पण त्या रात्री तो ट्रक आला नसता तर, हा विचार आमच्या मनातून अजून गेलेला नाही.

नंतर चौकशी केली तेव्हा कळले की, या दिव्यांसाठी मेव्हण्याने त्याच वर्षात तीनदा वायरमन गाठला होता. पहिल्या खेपेस उजेड कमी म्हणून दोन्ही बल्ब नवे घातले. फरक पडला नाही. दुसऱ्या खेपेस वायरमनने सांगितले, मोठे बल्ब टाकू. 60/55 वॅटच्या जागी 100/90 वॅटचे बल्ब आले. महिनाभर बरे वाटले, मग पुन्हा तेच. तिसऱ्या खेपेस अल्टरनेटर उतरवून कार्बन बदलले. एकूण साडेतीन हजार रुपये गेले. आंब्याच्या दिवसांत पेट्या वाहायच्या आणि एरवी गावातली भाडी मारायची, यावर ज्याचे घर चालते त्याला साडेतीन हजार म्हणजे थोडी रक्कम नव्हे. शिवाय जीप 1996 सालची. पंधरा वर्षे झाल्यावर दर पाच वर्षांनी पुन्हा पासिंग करून आणायचे. ती काढून दुसरी घ्यायची ऐपत आज तरी नाही.

आम्ही पेशाने कारकून, गाडीतले आम्हाला काय कळणार? परंतु मुंबईत आमच्या वस्तीत एक वायरमन काका आहेत. त्यांची हयात प्रीमियर पद्मिनी टॅक्सींच्या वायरी जोडण्यात गेली. 2023 च्या ऑक्टोबरअखेर त्या टॅक्सींची मुदत संपून शेवटची काळी-पिवळी पद्मिनीसुद्धा रस्त्यावरून गेली, तेव्हा काका दोन दिवस कोणाशी धड बोलले नाहीत. त्याच सुमारास आम्ही त्यांना जीपची हकीकत सांगितली. त्यांनी पहिला प्रश्न केला, "उजेड कमी कधीपासून झाला?" आम्ही फोन लावून विचारले. मेव्हणा म्हणाला, "दाजी, मागच्या दिवाळीत पुढच्या पत्र्याला रंग मारला, तेव्हापासून जरा कमीच वाटतोय." काका हसले. म्हणाले, "बघा भाऊ, अर्धा रोग इथंच सापडला. रंगवाल्याला सगळं खोलायचं माहीत असतं. परत बसवताना अर्थची वायर तो रंगावरच आवळतो."

आता हे अर्थ प्रकरण नीट समजून घेऊ, कारण जुन्या गाडीचे निम्मे दुखणे तिथेच असते. घरात बल्ब लावताना आपण दोन वायरी नेतो. गाडीत मात्र बॅटरीपासून बल्बापर्यंत एकच लांब वायर जाते. परतीची वाट म्हणजे गाडीचा पत्राच. बल्बाजवळून एक आखूड वायर निघते आणि बोल्टने पत्र्याला जोडलेली असते. तिथून चासीमार्गे करंट बॅटरीच्या वजा टोकाला परततो. तो बोल्ट गंजला, त्याखाली रंग आला किंवा तो सैल झाला, की येणारा रस्ता मोकळा पण जाणारा अडलेला. बल्ब नवा घाला नाहीतर सोन्याचा घाला, तो मिणमिणणारच.

"मग वायरमनला हे कसं कळलं नाही? त्याने तर टेस्टर लावून करंट पूर्ण येतो असं दाखवलं होतं," आम्ही विचारले. काकांनी समोरच्या सार्वजनिक नळाकडे बोट दाखवले. "नळ बंद असताना पायपात प्रेशर पूर्णच असतं ना? तोटी उघडली की कळतं पाणी किती येतंय ते. त्याने कपलर बल्बातून काढून टेस्टर लावला असणार. काढलेल्या कपलरवर पूर्ण बारा व्होल्ट दिसतात. वायरीची एक काडी शिल्लक असली तरी दिसतात. बल्ब जळत असताना मोजलं तर खरं."

वाचकहो, आम्ही हे वाक्य वहीत लिहून घेतले. दिवे चालू ठेवून, कपलर बल्बात असतानाच मोजायचे. ज्याने एवढे केले त्याला पुढचे सारे सोपे आहे.

दिवाळीच्या सुट्टीत साधा डिजिटल मल्टिमीटर घेऊन आम्ही गाव गाठले. मेव्हण्याची मुलगी नववीत आहे. विज्ञानाच्या पुस्तकात ओहमचा नियम शिकल्यामुळे तिला भारी उत्साह. वही तिच्याकडे, मीटरची एक पिन आमच्याकडे, एक तिच्या वडिलांकडे, अशी फौज अंगणात जमली. शेजारची दोन म्हातारी माणसे खाट टाकून बघायला बसली.

आधी हातातले कडे, अंगठी, स्टीलचे घड्याळ काढून ठेवायला लावले. बॅटरीच्या अधिक टोकाचा आणि पत्र्याचा अंगठीने मेळ झाला तर अंगठी क्षणात तापून बोट भाजते. वायरी खोलायच्या झाल्या तर बॅटरीचे वजा टोक प्रथम सोडायचे आणि लावताना ते शेवटी लावायचे. अधिक टोक आधी सोडताना पाना पत्र्याला लागला तर मोठी ठिणगी पडते. वजा टोक सुटलेले असले तर पाना पत्र्याला कुठेही लागो, काही होत नाही.

मग ते शंभर-नव्वदचे बल्ब काढून जुने 60/55 चे घातले. हॅलोजन बल्ब काचेला हात न लावता, खालच्या पत्र्याला धरून बसवायचा. बोटाचे तेल काचेला लागले की तेवढी जागा जास्त तापते आणि बल्ब लवकर जातो. चुकून हात लागलाच तर स्पिरिटच्या बोळ्याने पुसून घ्यावा.

आता मोजणी. मीटर 20 व्होल्ट डीसीवर ठेवला. इंजिन बंद, दिवे बंद असताना बॅटरी 12.6 व्होल्ट दाखवते तेव्हा ती भरलेली समजावी. 12 च्या खाली गेली तर आधी तिची सोय बघावी. आमची 12.5 होती. इंजिन चालू करून जरा रेस दिली की 13.8 ते 14.4 दिसायला हवे. 13.9 आले. म्हणजे अल्टरनेटर ठीक होता. त्याचे कार्बन बदलल्यामुळे ठीक होता की आधीपासूनच ठीक होता, हे आता कोण सांगणार? मीटरवर जर 15 च्या वर आकडा गेला असता तर रेग्युलेटर किंवा कटआऊट बिघडला असे समजायचे. असल्या गाडीत बल्ब वारंवार उडतात, बॅटरीचे पाणी आटते आणि मालक बल्बाच्या कंपनीला शिव्या देत बसतो.

दिवे लावल्यावर बॅटरीवर 13.6 राहिले. यानंतर मीटरची तांबडी पिन बॅटरीच्या अधिक टोकाला आणि काळी पिन जळत्या बल्बाच्या करंटच्या पिनेला, कपलरच्या मागून घुसवून लावली. येथे पुष्कळांचा गोंधळ होतो. मीटर आता बल्बाला मिळणारे व्होल्टेज दाखवत नाही, वाटेत हरवलेले व्होल्टेज दाखवतो. अर्ध्या व्होल्टापर्यंत चालते. आमच्याकडे दीड आले. मग काळी पिन बॅटरीच्या वजा टोकाला आणि तांबडी पिन बल्बाच्या अर्थच्या पिनेला लावली. येथे 0.2 च्या वर काही येऊ नये. उजव्या दिव्यावर 0.6 आले. डाव्यावर 2.1!

मुलीने वहीत वजाबाकी केली. 13.6 मधून 1.5 गेले, 2.1 गेले, उरले 10. "आतोबा, म्हणजे डाव्या बल्बाला दहाच मिळतायत?" होय, दहाच. आता कोणी म्हणेल, साडेतेरा आणि दहा यांत असा कितीसा फरक? आम्हालाही तसेच वाटले होते. पण हॅलोजनचा उजेड व्होल्टेजच्या प्रमाणात घटत नाही, फार झपाट्याने घटतो. व्होल्टेज दहा टक्के कमी झाले की उजेड सुमारे तीस टक्के कमी होतो. वीस टक्के कमी झाले की उजेड निम्म्याच्याही खाली जातो. दहा व्होल्टांवर डाव्या दिव्याचा उजेड एक तृतीयांशाच्या आसपास राहिला होता. आमच्या कचेरीत लेजरमध्ये फरक आला की आम्ही एकेका पानाची बेरीज तपासत मागे जातो. येथेही तसेच करायचे. पूर्ण वाटेचा तोटा दीड व्होल्ट, तर तो कुठल्या पानावर आहे?

बॅटरी ते फ्यूज पेटी 0.3. फ्यूज ते बटण यांत फारसे काही नाही. बटणाच्या आत जाणारी वायर आणि बाहेर येणारी वायर यांच्यामध्ये 0.9. चोर सापडला. स्टेअरिंगखालचे झाकण खोलले तर कपलरचे पांढरे प्लॅस्टिक तपकिरी होऊन विरघळलेले, आतली पितळी पिन काळी पडलेली. फ्यूज पेटीत आणखी एक प्रताप होता. उडालेल्या फ्यूजवर तांब्याची तार गुंडाळून ठेवलेली! ही तार पाहून आमचा संताप झाला. फ्यूज जळतो तो वायरिंग वाचवण्यासाठी. त्याच्या जागी तार घातली की फ्यूजचे काम वायरिंग करते, म्हणजे तेच जळते. आमच्या जीपला आग लागली नाही हे नशीब.

घाटातला अंधार का झाला, हे मुलीने वहीवर काढून दाखवले. 55 वॅटचे दोन बल्ब सुमारे 9 अँपिअर करंट घेतात. 90 वॅटचे दोन घेतात 15. खराब जोडाला समजा फक्त 0.1 ओहम अडथळा आहे. अडथळ्यात तयार होणारी उष्णता करंटच्या वर्गाने वाढते. 9 गुणिले 9 गुणिले 0.1, म्हणजे 8 वॅट. 15 गुणिले 15 गुणिले 0.1, म्हणजे साडेबावीस वॅट. हरभऱ्याएवढ्या पितळी पिनेत साडेबावीस वॅटची उष्णता! मोठ्या बल्बाने उजेड महिनाभर वाढला खरा, पण त्याच महिन्यात तो कपलर शिजत होता. तापला की पिन पसरायची आणि जोड सुटायचा. पाच मिनिटांत निवला की पुन्हा चिकटायचा. वायरमनकडे गाडी नेहमी दिवसा जाई, दिवे दोन मिनिटे लावून बघितले जात, आणि सगळे ठीक दिसे. दहा मिनिटे सलग लावून त्याने बटणामागे नुसता हात लावला असता तरी कळले असते. त्याला आम्ही दोष देत नाही. दिवसाला दहा गाड्या उरकायच्या, तर हे सोपस्कार कोण करतो? म्हणून तर गाडीवाल्याने स्वतः करायला शिकावे.

दुरुस्तीला दुपार पुरली. ग्रीलमागचे अर्थचे दोन्ही बोल्ट काढले, खालचा रंग आणि गंज पॉलिश पेपरने घासून पत्रा चकचकीत केला, नवी थिंबल दाबून बसवली आणि वरून ग्रीस लावले. इंजिन ते चासी आणि बॅटरी ते चासी या जाड पट्ट्याही साफ केल्या. एवढ्यावर डाव्या दिव्याचा अर्थचा तोटा 2.1 वरून 0.1 वर आला, आणि त्यासाठी खर्च झाला पंधरा रुपये.

बटणामागचा कपलर बदलला, पण नुसते तेवढे पुरे नव्हते. सत्तावीस वर्षांच्या बटणातून सगळा करंट नेणे बरे नाही. काकांनी मुंबईहून निघतानाच दोन रिले आमच्या पिशवीत टाकले होते, एक अप्परसाठी, एक डिपरसाठी. रिलेमुळे बटणावर फक्त इशाऱ्याचा करंट येतो, अर्ध्या अँपिअरहूनही कमी. बल्बाचा खरा करंट बॅटरीपासून जाड वायरने थेट रिलेत आणि तेथून बल्बात जातो. रिलेच्या पायांवर आकडे असतात. 30 वर बॅटरीची वायर, 87 वर बल्बाची, 85 आणि 86 पैकी एकावर बटणाची जुनी वायर, दुसऱ्यावर अर्थ. वायर अडीच चौरस मिलिमीटरची घेतली. बॅटरीजवळच 15 अँपिअरचा फ्यूज घातला. तो दूर घातला तर बॅटरी ते फ्यूज एवढी वायर बेवारस राहते, तिला कोणी वाचवत नाही. जोड पिळून टेप मारलेले नकोत, दाबून बसवलेली थिंबल किंवा झाळलेले जोड हवेत. अंगणात जमलेल्यांपैकी एकाने पिळून टेप मारायला सुरुवात केलीच होती, त्याला चहा करायला पाठवले.

पुन्हा मोजले. करंटच्या वाटेत तोटा 0.3, अर्थमध्ये 0.1. दोन्ही बल्बांना 13.2 व्होल्ट मिळू लागले. बल्ब तेच जुने, 60/55 चे. अंधार पडल्यावर घरामागच्या बांधावर उजेड टाकला तेव्हा मेव्हणा काही बोलला नाही, नुसता अप्पर-डिपर करत राहिला. सर्व मिळून साडेसातशे रुपये लागले, मीटर वेगळा.

सगळ्यांचे दुखणे आमच्यासारखेच असेल असे नाही. एकच दिवा गेला असेल तर त्याचा बल्ब दुसऱ्या बाजूला लावून पाहावा. तेथे लागला तर बल्ब चांगला, दोष होल्डर, फ्यूज किंवा अर्थमध्ये. डिपर लागतो पण दोन्ही बाजूंचा अप्पर लागत नाही, तर डिपर स्विच बघावा. हेडलाइट लावला की इंडिकेटरबरोबर तोही फडफडतो, किंवा लावला नसताना दुसराच एखादा दिवा मिणमिणतो, तर हमखास अर्थ. करंटला परतीची वाट मिळत नाही म्हणून तो दुसऱ्या बल्बातून शिरून जातो. काही जपानी घडणीच्या जुन्या गाड्यांत मात्र बटण अर्थच्या बाजूला असते. बल्बापर्यंत करंट कायम आलेला असतो. अशा गाडीत आमच्यासारख्या रिलेच्या जोडण्या करू नयेत, आधी तिचा वायरिंगचा नकाशा मिळवावा. बॅटरीविना चालणाऱ्या जुन्या स्कूटरचा दिवा रेसप्रमाणे कमी-जास्त होतो, तो तिचा स्वभाव आहे.

आणि आकडे सारे बरोबर येऊनही उजेड नसेल, तर आरशाकडे पाहावे. आतला रिफ्लेक्टर काळवंडला की वीज कितीही द्या, उजेड बाहेर पडत नाही. हल्ली यावर उपाय म्हणून स्वस्तातले एलईडी बल्ब घालतात. हॅलोजनसाठी बनवलेल्या रिफ्लेक्टरमध्ये त्यांचा उजेड भलतीकडे फाकतो. आपल्याला झगझगीत वाटते, पण समोरून मोटारसायकलवर येणाऱ्याचे डोळे दिपतात. घाटात त्याला दरी दिसत नाही. आमच्या मते हे बल्ब जुन्या जीपमध्ये घालूच नयेत.

आमच्या जीपचा उजवा रिफ्लेक्टर थोडा गंजलेला आहे, तो यंदाच्या आंब्यांनंतर बदलायचे ठरले आहे. मीटर आम्ही गावीच ठेवून आलो. परवा भाचीचा फोन होता. शेजारच्या रिक्षावाल्या काकांचा डावा हेडलाइट मंद होता, तो वायरमनकडे निघालेला. तिने त्याला थांबवून दिवा चालू ठेवायला लावला आणि अर्थवर पिन लावली. "आतोबा, एक पॉइंट नऊ आले," ती म्हणाली, "पॉलिश पेपर आणायला पाठवलंय त्यांना."